हुणसूरचा कागद

मुलांनो, मागच्या महिन्यात बंगळूरहून दोघं जण कॅमेरा घेऊन आले होते. तुमच्या बाबाच्या किकबॉक्सिंगच्या कंपनीवर छोटी फिल्म करायची आहे, मेलबर्नच्या ऑफिसने पाठवलंय, असं म्हणाले. मी आदल्या दिवशी पडदे धुऊन लावले होते. त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं, आवाज येतो म्हणून पंखा बंद करायला लावला आणि विचारलं, की ज्या म्हैसूरमध्ये हे सगळं सुरू झालं तिथे आता एकही शो का होत नाही? मी चांगल्या इंग्रजीत सांगितलं, की इथे त्या मापाचा हॉल नाही. त्यांना उत्तर आवडलं. पुन्हा विचारावं लागलं नाही.

ते उत्तर खरं नाही. खरं काय ते तुमच्या बाबाला माहीत आहे आणि मला. तो तुम्हाला कधी सांगणार नाही, म्हणून मी लिहून ठेवते. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत माझ्याकडून वाक्यं फार नीटनेटकी होतात. तुमच्या आईने तुम्हाला अक्षरं शिकवली आहेत. धाकट्याला अजून जमत नसेल तर मोठीने वाचून दाखवावं. वाचल्यावर तुम्हाला आजी आधीइतकी आवडेल की नाही, ते मला सांगता येत नाही.

तुमचा बाबा इथल्याच हेब्बाळ भागातल्या मोठ्या आयटी कंपनीत दोन वर्षं होता. सकाळी घराजवळच्या बोगादीच्या नाक्यावरून कंपनीची बस पकडायचा आणि शनिवार-रविवार बंगळूरला जाऊन किकबॉक्सिंग शिकायचा. एक दिवस नोकरी सोडून आला आणि म्हणाला, मी सामने भरवणार. कंपनी काढायची तर दोन संचालक लागतात. त्याने आजोबांना विचारलं. आजोबांनी पुण्यात आणि मग इथे म्हैसूरला बदली झाल्यावर मिळून तीस वर्षं कारखान्यात कामगार अधिकारी म्हणून काढलेली.

ते म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, बाबांनो, मारामारी करू नका. आता त्याची तिकिटं विकू?"

"मग आई होईल," बाबा म्हणाला.

"तिला विचार तरी."

"मी ऐकते आहे," मी स्वयंपाकघरातून म्हटलं. "कागद आण. वाचल्याशिवाय सही करणार नाही."

अशी मी किकबॉक्सिंगच्या कंपनीची संचालक झाले. वाचल्याशिवाय सही न करणं एवढीच माझी त्या पदासाठीची पात्रता. लग्नाआधी मी एका इंग्रजी फर्ममध्ये मॅनेजरची सेक्रेटरी होते. फायली लावणं, पत्रांचे मसुदे करणं आणि तारीख न विसरणं ही कामं मला येत होती. बाबाला यातलं एकही येत नव्हतं.

पहिला प्रश्न जागेचा. स्टेडियमचं भाडं परवडणारं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आषाढात लग्नं होत नाहीत आणि मंगल कार्यालयं महिनाभर ओस पडलेली असतात. इथे त्यांना कल्याणमंटप म्हणतात. बोगादी रस्त्यावरच्या एका मंटपाच्या मालकाला आम्ही भेटलो. त्याने खूप वेळ विचार केला आणि तीन अटी घातल्या: आत सामिष जेवण नाही, चपला बाहेर, आणि रक्त सांडलं तर पुण्याहवाचनाचा खर्च आमचा. चपलांची अडचण नव्हती, खेळाडू अनवाणीच लढतात. नाकातून रक्त आलं तर लगेच पुसायला मी रिंगच्या चारही कोपऱ्यांत जुन्या सुती साड्यांचे तुकडे घडी घालून ठेवले. पंचांना बसायला नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या मिळाल्या. प्रेक्षकांना केसरीभात आणि उप्पिट्टू मिळालं, कारण आचारी म्हणाला, की मंटपात आलेला माणूस उपाशी गेला तर त्याचं नाव जाईल.

दुसरा प्रश्न दाखवण्याचा. बाबा म्हणायचा, "आई, हॉलमध्ये तीनशे माणसं बसतात. घरात किती बसतात विचार कर." हुणसूरला एक केबलवाला होता, त्याचं स्वतःचं लोकल चॅनेल होतं. तो जुन्या म्हैसूरच्या लष्करी मराठी घराण्यातला. घरी मराठी बोलायचा, पण निम्मे शब्द कन्नड. त्याच्याकडचे कॅमेरावाले लग्नाचे. पहिल्या सामन्यात चाळिसाव्या सेकंदाला एक मुलगा लाथ बसून आडवा झाला, आणि त्या क्षणी तिन्ही कॅमेरे पहिल्या रांगेतल्या प्रमुख पाहुण्यांवर होते. टीव्हीवर लोकांना काय दिसलं, तर एक गृहस्थ केसरीभात खाताना दचकले.

त्याहून मोठी अडचण वेळेची होती. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती, म्हणजे सामना अकरा मिनिटांचा. पण तो चाळीस सेकंदांत संपला तर उरलेली दहा मिनिटं काय दाखवायचं? केबलवाल्याने चामुंडेश्वरीचा फोटो लावून नादस्वर सोडलं. हुणसूरच्या लोकांना वाटलं, मुलगा गेला. त्याच्या घरी दोन माणसं सांत्वनाला जाऊन आली.

पुढच्या वेळी मी वेळेचा तक्ता केला. डाव्या बाजूला मिनिटं, उजव्या बाजूला सामना लवकर संपला तर काय दाखवायचं ते. प्रत्येक खेळाडूच्या घरी आधी जाऊन त्याच्या आईशी बोलायचं आणि ते रेकॉर्ड करून ठेवायचं, असं मी सुचवलं. बाबा हसला. पण त्या आया एवढं छान बोलल्या की लोक सामना लवकर संपायची वाट बघायला लागले. तंबाखूची पानं निवडणारी एक बाई म्हणाली होती, "माझी मुलगी लाथ मारते म्हणून गावात नावं ठेवतात. तिच्या बापाने मला मारलं तेव्हा कोण नावं ठेवायला आलं?" ते वाक्य आम्ही काढलं नाही. त्यानंतर बायका हा कार्यक्रम बघू लागल्या.

केबलवाल्याशी करार करायचा ठरला, तेव्हा तो म्हणाला, "इंग्लिशमधे लिवा अम्मा, म्हणजे स्वल्प वजन येतं." मी कॉलेजातलं पत्रव्यवहाराचं जुनं पुस्तक काढलं आणि दोन संध्याकाळी बसून करार लिहिला. खूप वर्षांनी मसुदा करत होते, हात चालत होता. एक वर्षापुरतं लिहायचं होतं. पण पुस्तकातला नमुना एखाद्या इस्टेटीचा असावा. त्यातली भाषा मला इतकी भारदस्त वाटली, की मी तशीच घेतली: त्याच्या चॅनेलवर लागणाऱ्या सामन्यांचं चित्रण दाखवण्याचा हक्क त्याला कायमचा, जगात सर्वत्र, आज असलेल्या आणि पुढे निघतील त्या सर्व माध्यमांत. तुमच्या बाबाने शेवटचं पान उघडून सही केली. केबलवाल्याने तर कागद डोक्याला लावला. वाचलं फक्त मी, आणि मला ते फार आवडलं.

चार वर्षांनी डिश अँटेना आले, केबलचा धंदा आटला. आम्ही एका कन्नड वाहिनीवर रविवार दुपारचा अर्धा तास घेतला. घेतला म्हणजे विकत. लोकांना वाटतं वाहिनी आपल्याला पैसे देते. छोट्या माणसाच्या बाबतीत उलट असतं. वेळ आपण विकत घ्यायचा आणि जाहिराती आपणच शोधायच्या. आमची पहिली जाहिरात अगरबत्तीची होती, दुसरी कंबरदुखीच्या मलमाची. मलमवाले जास्त टिकले. त्याच काळात आजोबा गेले. शेवटच्या वर्षात तेही तक्ता बघायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या सामन्याला दोन मिनिटं कमी पडतील तुझी." तेवढ्यासाठी मारामारी त्यांनी खपवून घेतली.

लॉकडाऊनमध्ये वाहिनीचा खर्च झेपेना. मंटप तर आता आषाढ नसतानाही रिकामे होते. बाबाने प्रेक्षकांशिवाय सामने घेतले आणि थेट इंटरनेटवर दाखवले. रिकाम्या मंटपात श्वास ऐकू यायचे, नडगीवर नडगी आपटल्याचा आवाज यायचा. घरात बसलेल्या लोकांना ते आवडलं. परदेशातून लोक बघू लागले. त्यांना कन्नड कळत नव्हतं, म्हणून आयांच्या बोलण्याखाली मी इंग्रजी ओळी घालायला लागले. रात्रंदिवस तेच काम. तुम्ही दोघं तेव्हा माझ्याच घरात होतात. मोठी माझ्या मांडीवर बसून कीबोर्डवर बोटं मारायची. तंबाखू निवडणाऱ्या बाईचं ते वाक्य मी चार वेळा बदलून इंग्रजीत आणलं. मेलबर्नच्या कंपनीने पहिल्या ईमेलमध्ये त्याच वाक्याचा उल्लेख केला होता.

त्या कंपनीला सगळंच हवं होतं: नाव, जुनं चित्रण, खेळाडूंशी असलेले करार आणि तुमचा बाबा. त्याला तिथे राहायला जायचं होतं. कराराचा पहिला मसुदा आला तो मी वाचला. त्यात एक कलम होतं. दर वर्षी एक शो म्हैसूरला होईल, त्याच्या तयारीसाठी बाबाने दोन महिने इथे राहायचं आणि म्हैसूरच्या खेळाडूंना त्यात निम्म्या जागा. हे कलम बाबाने स्वतः मागून घेतलं होतं. त्याच्या बाजूला पेन्सिलने लहानशी खूण होती. मला वाचताना सापडावी म्हणून त्याने ती केली होती, तोंडाने काही बोलला नव्हता. मी वर्षातल्या उरलेल्या दहा महिन्यांचा विचार करत होते. दोन महिन्यांचं मला फार वाटलं नाही.

मग त्यांच्या वकिलांना माझा जुना करार सापडला. पहिल्या चार वर्षांचं चित्रण कायमचं आणि जगभर हुणसूरच्या केबलवाल्याचं होतं. त्याने हक्क सोडल्याचा कागद दिला नाही तर व्यवहार होणार नाही, आणि त्यासाठी पुढच्या शुक्रवारपर्यंतची मुदत.

बाबाने तो जुना करार माझ्यापुढे ठेवला. "आई, हे काय लिहिलंयस?"

"नमुन्यात होतं."

तो हसायलाच लागला. "जगात सर्वत्र! त्याची केबल बस स्टँडच्या पलीकडे जात नव्हती गं." मग म्हणाला, "तू जातेस? तुझं तो ऐकतो."

गुरुवारी सकाळी मी लाल बस धरून हुणसूरला गेले. केबलवाल्याने आता पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. तांब्याच्या तारेची वेटोळी बाजूला सारून त्याने मला खुर्ची दिली.

"अय्यो, बन्नी बन्नी, अम्मा! एवढ्या ऊनात बसने आलात? फोन मारायचा, मीच आलो असतो. ऊटा आयता? जेवण झालं?"

मी कशासाठी आले ते सांगितलं. त्याला करारातलं काहीच माहीत नव्हतं. मी मराठीत अर्थ सांगितला तेव्हा त्याने कामावरच्या माणसाला हाक मारली. "केळ्दा? ऐकलंस? आपण जगाचे मालक होतो! एवढी वर्षं सुम्ने, उगाच मोटारींत तारा भरत बसलो."

"तुम्हाला काही हवं असेल तर सांगा," मी म्हटलं. "मुलगा देईल."

"काय देणार? मी काय केलं त्यात? चामुंडेश्वरी लावली." त्याने कागद हातात घेतला. "कुठं सही करू?"

मी जागा दाखवली. सही झाल्यावर खाली तारीख घालायला सांगितली. त्याने घातली. मग कागद परत देताना थांबला.

"मग पोरगं चाललं, अल्वा?"

"हो."

"सगळे?"

"सगळे. मुलं पण."

"मत्ते, तुम्ही?"

"मी इथेच. घर आहे."

तो माझ्याकडे बघून हसला. "तर मग देऊ नका कागद. सुम्ने कपाटात ठेवा. केबलवाला भेटला नाही म्हणून सांगा. कोण विचारतंय!"

आम्ही दोघंही हसलो. त्याने कॉफी मागवली. बसमध्ये बसेपर्यंत मी हसतच होते.

घरी आले तेव्हा तुम्ही दोघं हॉलमध्ये उशांची रिंग करून लढत होतात आणि तुमची आई पंच होती. बाबाने विचारलं, "झालं काम?"

मी म्हटलं, "भेटला नाही. मुलीकडे चिक्कमगळूरला गेलाय. येईल दोन-चार दिवसांत."

हे वाक्य मी बसमध्ये ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं आणि पूर्ण होतं, गावाच्या नावासकट. बाबा म्हणाला, "मी फोन करू का?" मी म्हटलं, "मी करते. माझं ऐकतो तो." मग आत जाऊन मी तो कागद कपाटातल्या पाणीपट्टीच्या फायलीत ठेवला. तिथे तो कुणी शोधला नसता. जागेवर नसलेला कागद मला आयुष्यात कधी सहन झालेला नाही. म्हणून मी फायलीच्या अनुक्रमणिकेतही त्याची नोंद केली.

नऊ दिवस तो तिथे होता. पहिले तीन दिवस मला वाटत होतं, फक्त थोडा वेळ हवाय, मग देईन. नंतर वाटेनासं झालं. मी रोज तुम्हाला शाळेत सोडायची, डबे भरायची, आणि दुपारी त्या कपाटाच्या खोलीत झोपायची. बाबा रोज एकदा विचारायचा आणि मी रोज एक उत्तर द्यायची. त्याने माझ्या एकाही उत्तराची खातरजमा केली नाही. त्याच्या दृष्टीने त्या घरात एकच माणूस असा होता, ज्याच्या कामाकडे पुन्हा बघावं लागत नाही.

शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून हेब्बाळला गेला. जुन्या कंपनीतल्या मित्राने बोलावलं होतं. दुपारी परत आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "जागा आहे म्हणतात. बस आपल्याच नाक्यावरून जाते अजून." मला हवं होतं ते हेच. मी त्याला ताक दिलं. तो खुर्चीत बसून राहिला आणि ताक तसंच राहिलं. त्या दिवशी संध्याकाळी मुदत संपली.

शनिवारी तो म्हणाला, "आई, खेळाडूंच्या नंबरांची यादी दे. मेसेज नको पाठवायला. एकेकाशी बोलतो." पुढचा शो नव्या कंपनीच्या जिवावर ठरला होता, तो आता रद्द होता. मी यादी दिली आणि समोर बसले. पहिलं नाव त्या तंबाखू निवडणाऱ्या बाईच्या मुलीचं होतं. बाबाला हात मोकळे लागायचे, म्हणून त्याने फोन स्पीकरवर ठेवला. कन्नडमध्ये तिला सांगितलं, की शो होणार नाही, व्यवहार फिसकटला, पुढचं काही सांगता येत नाही.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मग मी आता जेवू का?"

सामन्याआधी वजन भरावं लागतं, मुलांनो. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर लढता येत नाही. ती तीन आठवडे काकडी आणि उकडलेल्या अंड्यांवर होती. मला हे माहीत होतं. तिच्या आहाराचा तक्ता मीच इंग्रजीतून कन्नडमध्ये करून दिला होता. तिने रागावून विचारलं नव्हतं. तिला खरंच परवानगी हवी होती.

बाबा म्हणाला, "जेव. पोटभर जेव." आणि यादीवर तिच्या नावापुढे खूण केली.

मी उठले, पाणीपट्टीची फाइल काढली आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. "हा घे."

त्याने वाचला. वरून खालपर्यंत नीट वाचला, माझ्यासारखा. खाली तारीख होती. मीच घालायला सांगितली होती. त्याने तिच्यावर अंगठा ठेवला आणि काढला. मग कागदाचा फोटो घेतला, फोन उचलला आणि व्हरांड्यात गेला. तिथे तो दोन तास इंग्रजीत बोलत होता. आवाज चढला नाही. मी उरलेली यादी हातात धरून बसले होते.

व्यवहार तरला. दहा-बारा दिवसांनी अंतिम करार आला आणि दोन्ही संचालकांच्या सह्या घ्यायला बाबा माझ्याजवळ बसला. मी नेहमीप्रमाणे वाचायला घेतला. तो म्हणाला, "वाचत बसू नकोस आई, तेच आहे सगळं." पण मी वाचल्याशिवाय सही करत नाही.

"इथे म्हैसूरचं कलम होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग?"

"शुक्रवारपर्यंत होतं."

मी मागची दोन पानं परत उलटून पाहिली. मग त्यानेच सांगितलं, खिडकीबाहेर बघत, कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं. "ते म्हणाले, तासाभरावरच्या गावातून एक कागद आणायला तुम्हाला दोन आठवडे लागतात, तर दर वर्षी तिथून शो कसा करणार? मी कलम सोडलं."

"तू सांगायचंस त्यांना, की..."

"काय सांगायचं, आई?"

ते तो खरोखर विचारत होता. त्याने पान उलटून सहीची जागा दाखवली आणि पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली. तो म्हणाला, "खाली तारीख घाल." मी घातली.

खेळाडूंना निरोप द्यायला मंटपात छोटा कार्यक्रम झाला. तिथे कुणीतरी विचारलं, सर, म्हैसूरला शो नाही का होणार? बाबा म्हणाला, "हॉल नाही ना त्या मापाचा." मी शेजारीच उभी होते. हे कारण त्याने माझ्यासाठी काढलं आणि त्यानंतर सगळ्यांना तेच सांगितलं. तुमच्या आईलाही तेच सांगितलं असावं. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात.

तो मला दर रविवारी फोन करतो. औषधं, गॅस सिलिंडर, गुडघा, सगळं विचारतो. एकदाही चुकवत नाही. त्या नऊ दिवसांबद्दल त्याने कधी एक शब्द काढला नाही. पण माझ्याकडे त्याने परत कधी काही काम सोपवलं नाही. एखादं पत्र, एखादा मसुदा, इंग्रजीतल्या चार ओळींच्या मजकुराची तपासणी, काहीही नाही. सुरुवातीला मी विचारायची. तो म्हणायचा, "इथे माणसं आहेत आई त्याला." शो दाखवतात तेव्हा इथे दुपार असते. मी बघते. सामना लवकर संपला की आता तिथे आकडे आणि जाहिराती दाखवतात. आया दिसत नाहीत.

हे सगळं माझ्याच घरापुरतं आहे असं मी पुष्कळ दिवस धरून चालले होते. मी एका कलमाने स्वतःचे वर्षातले दोन महिने घालवले, त्याची शिक्षा मलाच, हिशेब बरोबर. पण त्या कलमात म्हैसूरच्या खेळाडूंच्या निम्म्या जागाही होत्या. नव्या कंपनीने इथले दोनच मुलगे ठेवले. बाकीच्यांना लढायला जागा उरली नाही. एक जण आता हेब्बाळच्या कंपनीची बस चालवतो. ती मुलगी बोगादीतल्या एका शाळेत पीटीची टीचर आहे.

ती रविवारी माझ्याकडे यायची. तुम्ही गेल्यापासून जवळजवळ प्रत्येक रविवारी. येताना गावाकडची भाजी आणायची, माझी वरच्या कपाटातली भांडी काढून द्यायची, आणि माझ्या मोबाइलवर मेलबर्नचे सामने बघत बोलायची. "अम्मा, ही बघा, डावा हात खाली सोडते. हिला मी दुसऱ्या फेरीत घेतलं असतं." तीन रविवारांपूर्वी ती असंच बघता बघता म्हणाली, "वर्षातून एक शो जरी इथे झाला असता ना अम्मा, मी अजून वजन धरून असते."

कॅमेरावाल्यांना हॉलचं कारण सांगून मला तेव्हा आठवडाच झाला होता. मी मोबाइल बंद केला आणि तिला सांगितलं. केबलवाला, कागद, फाइल, तारीख. तुम्हाला सांगितलं त्याच क्रमाने.

ती आधी हसली. म्हातारी गंमत करते असं तिला वाटलं. मग तिने विचारलं, "तो फोन आला तेव्हा कागद घरात होता?"

"हो."

"किती दिवस?"

"नऊ."

ती उठली. चहाचा कप आत नेऊन धुतला आणि पालथा घातला. दारात बसून बुटाच्या नाड्या बांधल्या, दोन्ही नीट, घाई न करता. "बरतीनी अम्मा," म्हणाली. येते, असा त्याचा अर्थ. इथे निघताना सगळे तसंच म्हणतात.

त्यानंतरचे दोन रविवार ती आलेली नाही. मी फोन केलेला नाही. आजही रविवार आहे, सव्वाचार झाले आहेत, आणि ती यायची ती तीनला. मी या पानांच्या दोन स्वच्छ प्रती केल्या आहेत, एक मोठीच्या नावाने आणि एक धाकट्याच्या. उद्या सकाळी पोस्टात जाऊन टाकते.